मेटल संगीतासाठी विद्युत् गिटारचे पिकअप : निवडीची भौतिक तत्त्वे

१. प्रास्ताविक

विद्युत् गिटार हे दिसावयास तंतुवाद्य असले, तरी त्याच्या तारेचा नाद सरळ श्रोत्याच्या कानी पडत नाही. तार, पिकअप, केबल, विवर्धक आणि ध्वनिक्षेपक अशी ही साखळी असून तिच्यातील दुसऱ्या दुव्यावर तारेच्या यांत्रिक कंपनाचे विद्युत् संदेशात रूपांतर होते. या दुव्यापाशी जे निसटते, ते पुढील कोणत्याही उपकरणास परत आणता येत नाही. ‘पिकअप’ या संज्ञेस ‘स्पंदग्राहक’ असा मराठी पर्याय सुचविता येईल. परंतु वादकांच्या तोंडी रुळलेला शब्दच प्रस्तुत लेखात वापरला आहे.

‘मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतप्रकारात पिकअपची कसोटी विशेष कठोर असते. या संगीतात संदेशाचे विवर्धन इतके केले जाते की त्याचे तरंगरूपच बदलते. खालच्या स्वरातील जड तारा वेगाने वाजविल्या जातात आणि तरीही प्रत्येक आघात सुटा ऐकू यावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे या वादकांत पिकअपविषयी दोन समजुती दृढ झालेल्या आढळतात : पिकअपचा रोध जितके अधिक किलोओहम, तितका तो मेटलला अधिक योग्य, आणि मेटलसाठी चुंबक सिरॅमिकचाच हवा. एका परदेशी पिकअपची किंमत आपल्याकडे पुष्कळदा प्राथमिक दर्जाच्या अख्ख्या गिटारच्या किमतीस भिडते. तेव्हा या समजुतींच्या आधारे केलेली निवड चुकल्यास विद्यार्थिदशेतील वादकास ती चांगलीच महाग पडते. यास्तव या समजुतींची भौतिकीच्या कसोटीवर परीक्षा करणे अगत्याचे वाटते.

२. पिकअपचे कार्य

पिकअपची रचना वरकरणी अगदी साधी आहे. एका चुंबकाभोवती, अथवा चुंबकाला जोडलेल्या लोखंडी खिळ्यांभोवती, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. जवळच्या चुंबकामुळे गिटारची पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय अभिवाह बदलतो आणि फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. नायलॉनच्या तारेला हा पिकअप ‘ऐकू’ शकत नाही, याचे कारण यातच आहे.

या तत्त्वावर बीचम व रिकेनबॅकर यांनी १९३०-४० या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पहिली यशस्वी विद्युत् गिटार बाजारात आणली. एकेरी वेटोळ्याच्या या पिकअपात मात्र एक मूलभूत दोष होता. वेटोळ्याला तारेचे कंपन जसे जाणवते, तसेच आसपासच्या विजेच्या तारा व रोहित्रे यांचे प्रत्यावर्ती क्षेत्रही जाणवते. आपल्याकडे विजेची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने ५०, १०० व १५० हर्ट्‌झ इत्यादी कंप्रतांची गुणगुण संदेशात मिसळते. सौम्य वादनात ती दुर्लक्षणीय ठरेल; परंतु जेथे विवर्धन हजारो पट असते, तेथे दोन आघातांमधील शांतता या गुणगुणीने भरून जाते. मेटल संगीतात तर आघातानंतरची एकाएकी शांतता हा रचनेचाच एक घटक असतो.

गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये एकस्वासाठी अर्ज केलेल्या दुहेरी पिकअपाने हा प्रश्न सोडविला. दोन वेटोळी शेजारी ठेवून त्यांच्या चुंबकीय ध्रुवांची दिशा परस्परविरुद्ध ठेवावयाची आणि त्यांची जोडणीही परस्परविरुद्ध करावयाची. बाहेरच्या क्षेत्राला चुंबकाशी कर्तव्य नसल्यामुळे गुणगुण दोहोंत विरुद्ध चिन्हाने येऊन नाहीशी होते. तारेच्या संदेशाचे चिन्ह मात्र दोनदा उलटल्यामुळे त्याची बेरीज होते. हाच ‘हंबकर’ होय. या शोधाचे एकस्व १९५९ मध्ये मिळाले.

या लाभाची काही किंमतही मोजावी लागते. दोन वेटोळी तारेला सुमारे १८ मिलिमीटर अंतरावरील दोन ठिकाणी ‘ऐकतात’. ज्या अंशस्वराची अर्धी तरंगलांबी नेमकी एवढी असेल, त्याचे दोन संदेश परस्परांना छेदतात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर हा सुमारे छत्तिसावा अंशस्वर होय. सर्वांत जाड तारेचा मूलस्वर ८२.४ हर्ट्‌झ धरल्यास हा लोप ३,००० हर्ट्‌झच्या आसपास पडतो. सर्वांत बारीक तारेवर तो १२,००० हर्ट्‌झजवळ, म्हणजे गिटारच्या ध्वनिक्षेपकाच्या पल्ल्याबाहेर जातो. तेव्हा हंबकर जाड तारांचा तीक्ष्णपणा किंचित बोथट करतो, ही गोष्ट मेटल वादकाने ध्यानात ठेवावयास हवी.

३. विरूपणाचा स्वभाव

पिकअपची निवड समजण्यासाठी त्यापुढे काय घडते हे पाहणे आवश्यक आहे. विवर्धकाची मर्यादा ओलांडली की तरंगाचे शेंडे छाटले जातात. यालाच वादक ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. आपण त्यास विरूपण म्हणू. छाटलेल्या तरंगात मूळचे नसलेले अंशस्वर निर्माण होतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढली असता तारेतून वरच्या अंशस्वरांची झळाळी उमटते, ती आपल्या परिचयाची आहे. तेथे अंशस्वरांची समृद्धी घोडीच्या वक्र पृष्ठामुळे यांत्रिक रीतीने येते. येथे ती विवर्धकाच्या अरेषीय वर्तनामुळे विद्युत् रीतीने येते.

परंतु साम्य येथेच संपते. दोन स्वर एकाच वेळी विरूपित झाले, तर त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्या असलेले नवे स्वरही उत्पन्न होतात. मेटलचे गिटारवादन षड्ज-पंचमाच्या जोडीवर इतके का अवलंबून असते, याचे उत्तर या गणितात सापडते. षड्ज व पंचम यांचे गुणोत्तर २ : ३ आहे. ८२.४ व १२३.६ हर्ट्‌झ हे दोन स्वर घेतले, तर त्यांच्या वजाबाकीतून ४१.२ हर्ट्‌झ, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातील षड्ज मिळतो. आणि उत्पन्न होणारे बाकीचे सर्व स्वर याच ४१.२ च्या पटीत येतात. सारे काही एकाच स्वरमालिकेत बसते. याउलट समविभागी सप्तकातील गांधाराचे गुणोत्तर शुद्ध ५ : ४ पेक्षा थोडे चढे असल्याने त्यातून निघणारे स्वर परस्परांशी जुळत नाहीत आणि आवाज खडबडीत होतो.

या विवेचनातून निवडीच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विरूपणाच्या आधी संदेशात खालच्या कंप्रतांचे प्राबल्य असेल, तर त्या शेंड्यांची सारी जागा व्यापतात आणि वरचे सर्व स्वर त्यांच्याबरोबर छाटले जातात. परिणामी आवाज फुगीर व चिखलासारखा होतो. विरूपणानंतर खालचा भाग कमी करून हा चिखल दूर करता येत नाही. कारण गाळणे व छाटणे या दोन क्रियांचा क्रम बदलला की फलही बदलते. म्हणून अनुभवी वादक खालच्या कंप्रता विरूपणाच्या आधीच आवरतात आणि हवा तेवढा भरीवपणा नंतर वाढवून घेतात. पिकअप हा या ‘आधीच्या’ टप्प्यावरील पहिला गाळणारा घटक आहे.

४. किलोओहमचा भ्रम

पिकअपच्या वेष्टनावर ठळकपणे छापलेला आकडा एकदिश रोधाचा असतो. तो मोजावयास सोपा असल्यामुळे रूढ झाला. प्रत्यक्षात तो वेढ्यांची संख्या, वेढ्याची सरासरी लांबी आणि तारेची जाडी या तिहींवर अवलंबून आहे. तितकेच वेढे अधिक बारीक तारेचे दिले, तर रोध वाढतो. विद्युत्‌दाब मात्र वाढत नाही. शिवाय तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. पौषातल्या पहाटे १५ अंशांवर ८ किलोओहम भरलेला पिकअप वैशाखातल्या दुपारी ३५ अंशांवर सुमारे ८.६ किलोओहम भरेल; त्याचा ‘जोर’ वाढला असे कोणीही म्हणणार नाही.

खरे महत्त्व प्रवर्तकतेला आहे. वेटोळ्याची प्रवर्तकता, तिच्या अंगची व केबलची धारकता आणि जोडलेले रोध यांच्या संयोगातून एक अनुस्पंदी मंडल तयार होते. ते विशिष्ट कंप्रतेपर्यंतचा संदेश जाऊ देते, त्या कंप्रतेजवळ त्यास थोडी उठावणी देते आणि तीपलीकडे झपाट्याने दाबून टाकते. ही अनुस्पंदन-कंप्रता प्रवर्तकता व धारकता यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. पिकअपची स्वतःची धारकता १०० पिकोफॅरड आणि केबलची दर मीटरला १०० पिकोफॅरड धरून पाच मीटर केबलसाठी हिशेब केला, तर पुढील चित्र दिसते : २.५ हेन्रीच्या एकेरी वेटोळ्याची अनुस्पंदन-कंप्रता सुमारे ४,१०० हर्ट्‌झ, ४.५ हेन्रीच्या जुन्या पद्धतीच्या हंबकरची सुमारे ३,१०० हर्ट्‌झ आणि ८ हेन्रीच्या जोरकस हंबकरची सुमारे २,३०० हर्ट्‌झ.

गिटारचा ध्वनिक्षेपक ५,००० हर्ट्‌झच्या वर फारसे काही ऐकवीत नाही. म्हणजे २,००० ते ४,००० हर्ट्‌झ हा पट्टाच आघाताच्या स्पष्टतेचे क्षेत्र होय आणि पिकअपांतील भेद नेमके याच पट्ट्यात पडतात.

वेढे वाढविण्याचा हिशेब येथे मांडता येईल. विद्युत्‌दाब वेढ्यांच्या प्रमाणात वाढतो, पण प्रवर्तकता वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेढे २५ टक्क्यांनी वाढविले, तर संदेशात २ डेसिबलहूनही कमी वाढ होते. प्रवर्तकता मात्र ५६ टक्क्यांनी वाढून अनुस्पंदन-कंप्रता २० टक्क्यांनी खाली येते. ज्या विवर्धकात हजारो पट वाढ एका खुंटीवर उपलब्ध आहे, तेथे २ डेसिबल मिळविण्यासाठी स्पष्टतेचा एवढा भाग खर्ची घालणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो.

जोरकस पिकअपांचा उदय ज्या काळी झाला, त्या काळी तो सयुक्तिक होता, हे मात्र नमूद केले पाहिजे. डिमार्झियोचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ १९७२ मध्ये निघाला तेव्हाचे विवर्धक सहजासहजी विरूपित होत नसत. त्यांना पिकअपकडूनच अधिक धक्का द्यावा लागे. आजच्या विवर्धकांबाबत ती अडचण उरलेली नाही. गरज संपली, समजूत मात्र राहिली.

५. चुंबकाचा प्रश्न

पिकअपांत मुख्यतः दोन जातींचे चुंबक वापरतात : ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह यांचा ‘अल्निको’ हा मिश्रधातू आणि फेराइट जातीचा सिरॅमिक चुंबक. सिरॅमिक चुंबक त्याच आकारात सामान्यतः अधिक जोराचे क्षेत्र देतो आणि विद्युत्‌रोधक असल्यामुळे त्यात भोवऱ्याचे प्रवाह उत्पन्न होत नाहीत. त्यामुळे वरच्या कंप्रतांची हानी थोडी कमी होते. सिरॅमिक पिकअपास ‘तिखट’ व ‘घट्ट’ ही विशेषणे लावली जातात, ती अगदीच निराधार नाहीत.

तथापि चुंबकाची जात हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे. सिरॅमिक चुंबक असलेले बरेचसे पिकअप जोरकस वेढ्यांचेही असतात. त्यामुळे वेढ्यांचा परिणाम चुंबकाच्या नावावर जमा होतो. सेमूर डंकन यांचा ‘जेबी’ हा मेटलमध्ये दीर्घकाळ वापरात असलेला पिकअप अल्निकोचा आहे, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. शिवाय प्रबळ चुंबक तारेच्या फार जवळ आणला, तर तो तारेस ओढून तिच्या कंपनात व्यत्यय आणतो, स्वर डळमळतो आणि लवकर विझतो.

६. स्थानाचे महत्त्व

तार ज्या बिंदूपाशी छेडली जाते, तेथे ज्या अंशस्वराचा निस्पंद बिंदू असेल तो अंशस्वर उत्पन्न होत नाही, हा यंग-हेल्महोल्ट्‌झ यांचा नियम सुपरिचित आहे. तंबोरा व वीणा यांच्या वक्र घोडीमुळे हा नियम तेथे लागू पडत नाही, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले. गिटारची घोडी टोकदार असल्याने तेथे तो लागू पडतो. इतकेच नव्हे, तर ‘ऐकण्याच्या’ बिंदूसही तो तितकाच लागू आहे. पिकअप तारेच्या चतुर्थांशावर असेल, तर मोकळ्या तारेचा चौथा अंशस्वर त्यास जवळजवळ ऐकूच येत नाही.

घोडीपासून ४० मिलिमीटरवर पिकअप असता पहिल्या तीन अंशस्वरांची त्यास होणारी जाणीव अनुक्रमे ०.१९, ०.३८ व ०.५५ या प्रमाणात असते. दांडीकडील, म्हणजे सुमारे १६२ मिलिमीटरवरील, पिकअपला मूलस्वराची जाणीव ०.७१ असते. म्हणजे घोडीजवळ मूलस्वर आपोआपच दबलेला असतो आणि वरचे अंशस्वर पुढे येतात. विरूपणाआधी खालच्या कंप्रता आवरण्याचे जे कार्य वर सांगितले, ते केवळ स्थानामुळे येथे पार पडते. मेटलमधील लयबद्ध वादन जवळजवळ नेहमी घोडीकडील पिकअपवर का केले जाते, हे यावरून स्पष्ट होईल. त्याच पिकअपला संदेश मुळात क्षीण मिळत असल्याने त्यास थोडे अधिक वेढे देणे मात्र युक्त ठरते.

७. सक्रिय पिकअप

रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापिलेल्या आणि पुढे ई.एम.जी. या नावाने प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने वेगळा मार्ग चोखाळला. पिकअपच्या पेटीतच ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहानसा पूर्वविवर्धक बसविला. वेटोळ्याच्या संदेशाला आतच आधार मिळत असल्यामुळे केबलचा प्रश्न उरत नाही. बाहेरचा संरोध सुमारे १० किलोओहम असल्यास पाच मीटर केबलची धारकता ३०,००० हर्ट्‌झच्या पुढे परिणाम करते, म्हणजे श्रवणाच्या दृष्टीने परिणाम शून्य. बाह्य गुणगुणीपासूनही चांगले संरक्षण मिळते. मेटॅलिका या वाद्यवृंदातील हेटफील्ड व हॅमेट यांच्यामुळे ‘ई.एम.जी. ८१’ हा पिकअप मेटलच्या आवाजाचे एक प्रमाणच होऊन बसला.

‘सक्रिय म्हणजे अधिक मोठा’ ही समजूत मात्र दुय्यम गोष्टीला मुख्य मानते. त्याचे खरे सामर्थ्य शांततेत व एकसारखेपणात आहे. केबल बदलली, रंगमंच बदलला, तरी आवाज फारसा बदलत नाही. काही वादकांना हाच दोष वाटतो. कारण खुंटी थोडी उतरवून आवाज मवाळ करण्याची पारंपरिक पिकअपची लवचीकता येथे त्याच रीतीने मिळत नाही. सक्रिय पिकअपास २५ किलोओहमची, तर सामान्य हंबकरला ५०० किलोओहमची खुंटी लागते. दोन्ही जाती एका गिटारीत मिसळताना याचा विसर पडू नये.

८. उदाहरणांची साक्ष

ब्लॅक सबाथ या बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० मध्ये निघाली. तीत टोनी आयोमी यांनी वाजविलेल्या गिब्सन गिटारचे पिकअप एकेरी वेटोळ्याचे होते. कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावलेल्या आयोमींनी पुढे तारा सैल करून सूर खाली उतरविले आणि तोच या शैलीचा पाया ठरला. पँटेराचे डाइमबॅग डॅरेल घोडीजवळ बिल लॉरेन्स यांनी रचलेला दोन पात्यांचा ‘एल-५०० एक्सएल’ वापरीत. स्वीडनच्या मेशुगा या वाद्यवृंदाने आठ तारांच्या गिटारसाठी लुंडग्रेन यांचे पिकअप घेतले. सामान्यतः आठव्या तारेचा मूलस्वर सुमारे ४६ हर्ट्‌झ असतो आणि मेशुगाचे वादक तोही आणखी उतरवितात. इतक्या खालच्या स्वराची ओळख कानाला मूलस्वरापेक्षा अंशस्वरांवरूनच पटते. त्यामुळे सूर जितका खाली, तितकी पिकअपची प्रवर्तकता माफक असणे हितकर ठरते. एकेरी, दुहेरी, सक्रिय, पात्यांचे असे सर्व प्रकार या परंपरेत यशस्वी झालेले आहेत. तेव्हा ‘मेटलचा पिकअप’ अशी एकच जात नाही, हा या उदाहरणांचा इत्यर्थ.

९. निवडीचा क्रम

वरील विवेचनावरून वादकासाठी पुढील क्रम सुचविता येईल.

प्रथम, खर्च न करता काय साधते ते पाहावे. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप व तार यांतील अंतर मोजावे. ते सुमारे २ मिलिमीटर ठेवून आरंभ करावा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वरखाली करून ऐकावे. जाड तारेची बाजू थोडी खाली उतरविली, तर पुष्कळदा चिखल तेथेच निवळतो. गंजलेल्या तारा बदलाव्यात. पाच मीटरची केबल तीन मीटरची केली, तर ८ हेन्रीच्या पिकअपची अनुस्पंदन-कंप्रता २,३०० वरून सुमारे २,८०० हर्ट्‌झवर जाते. एवढा फरक कित्येकदा नवा पिकअप घेऊनही पडत नाही.

दुसरे, दोष नेमका ओळखावा. गुणगुण हा दोष असेल, तर हंबकर अथवा सक्रिय पिकअप हे उत्तर आहे. आघात फुगीर ऐकू येत असेल, तर कमी प्रवर्तकतेचा पिकअप पाहावा. आवाज कर्कश असेल, तर किंचित अधिक प्रवर्तकता अथवा अल्निको चुंबक उपकारक होईल. ‘जोर कमी पडतो’ ही तक्रार मात्र विवर्धकाच्या खुंटीनेच बहुधा मिटते.

तिसरे, निर्मात्याकडून रोधाऐवजी प्रवर्तकता व अनुस्पंदन-कंप्रता यांचे आकडे घ्यावेत. काही निर्माते ते प्रसिद्ध करतात.

चौथे, तुलना करताना दोन्ही पिकअपांचा आवाज समान पातळीवर आणूनच ऐकावे. एक-दोन डेसिबलने मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ भासतो, आणि जोरकस पिकअपांच्या कीर्तीचा मोठा भाग या भासावर उभा आहे.

१०. उपसंहार

मेटल संगीत बाहेरून ऐकणाऱ्यास केवळ प्रचंड आवाजाचे वाटते. वस्तुतः त्यातील वादकाचा सारा प्रयास त्या प्रचंडतेत प्रत्येक आघात सुस्पष्ट ठेवण्याचा असतो. पिकअपच्या निवडीचा प्रश्नही अखेरीस हाच आहे. जोर पुढे कोठेही मिळतो. स्पष्टता मात्र पहिल्याच टप्प्यावर राखावी लागते. छापील किलोओहमकडे पाहून पैसे मोजण्यापूर्वी एक मोजपट्टी, एक आखूड केबल आणि समान पातळीवर ऐकण्याची शिस्त एवढी साधने वादकाने हाताशी धरली, तर त्याची निवड सहसा चुकणार नाही. आणि कित्येकदा गिटारीत आधीपासून असलेला पिकअपच पुरेसा होता, असेही त्यास आढळून येईल.